इसाराआधी घर पाहावं का? आमच्या पारावरची चर्चा

गुरुजींनी घर ठरवलं, ही बातमी त्यांच्याआधीच पारावर पोचली होती. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. मे संपत आलेला, वावरं नांगरून तापत पडलेली, पेरणीला अवकाश, म्हणून संध्याकाळी सगळेच पारावर. घर फाट्याजवळच्या नव्या लेआउटमधलं, स्लॅबचं. भाव बावीस लाख, सोमवारी दोन लाख इसार. मध्यस्थ नाना, कारण घर त्यांच्या साडूचं.

"कागदं पाह्यले काय?" बापूंनी विचारलं.

"सगळे पाह्यले. एनए हाये, सूची दोन काढली, वकिलाकडून तीस वर्साचा सर्च केला. बँकेचा इंजिनिअरबी येऊन गेला."

"अन् घर?" मिस्त्री म्हणाला.

"घर काय पाहाचं? डोयापुढं हाये. आताच रंग देला त्याईनं."

"तेच तं म्हनतो मी. इकाच्या आधी रंग काऊन देला?"

इथून जी वादावादी लागली ती रात्री दहापर्यंत. मी ती लिहून ठेवतो आहे, कारण ह्याच प्रश्नापायी माझे एक लाख ऐंशी हजार गेले आहेत. चार वर्षांपूर्वी मी चैत्रात घर घेतलं. कागद चोख होते. आषाढात मागचं दार चौकटीत अडकलं ते उघडेना, आणि श्रावणात न्हाणीला लागून असलेली आईची खोली खालून ओली चढत गेली. म्हातारीनं ती पावसाळाभर ओसरीत काढली. विकणाऱ्याला हे माहीत होतं. दर पावसाळ्यात तो त्या दाराला रंधा मारायचा, हे शेजारच्या काकूंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी पहिल्यापासून मिस्त्रीच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

मिस्त्रीचं म्हणणं मातीपासून सुरू झालं. "गुरुजी, आपल्या म्हाताऱ्याईनं गाव पांढरीत वसवलं, वावर कायीत ठेवलं. आता आपुन लेआउट पाडतो ते कायीत. कायी पान्यानं फुगते अन् उन्हानं आकसते. वावरात मे महिन्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतेत, मंग त्याच मातीवर उभं घर जागचं हालनार नाई काय?"

हे मी माझ्या घराच्या निमित्तानं पुढे नीट समजून घेतलं. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी शोषून फुगते आणि सुकली की बसते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते. म्हणूनच रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठी खाली फुगा असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा, पाया विकसित केला; तो फुगा त्या हलत्या थराच्या खाली जाऊन बसतो. आमच्याकडे किती घरांना असा पाया आहे? बहुतेक ठिकाणी चार फूट खड्डा, त्यात थोडा मुरूम, अन् वर जोतं.

"पन बँकेचा मानूस येऊन गेला ना," गुरुजी पुन्हा म्हणाले.

यावर मला राहवलं नाही. बँकेचा माणूस बँकेसाठी येतो. क्षेत्रफळ किती, भाव काय चाललाय, उद्या हप्ते थकले तर घर विकून कर्ज निघेल का, एवढं तो पाहतो. माझ्याकडेही आला होता, गच्चीवर चढलाही नाही. त्याची चूक नाही, ते त्याचं कामच नव्हतं. ते माझं काम होतं आणि मी केलं नाही.

नाना इतका वेळ गप्प होते. मग उसळले.

"म्हंजे आता पाव्हन्यानं येऊन भिती ठोकाच्या, संडासात डोकावाचं, अन् घरवाल्यानं चोरावानी उभं राहाचं? माह्या साडूच्या पोरीचं लगन हाये, पैसा आता पाह्यजे. तुमी एक भेग दाखवान अन् तीन लाख पाडून मांगान. तपासनी-फिपासनी काई नाई, भाव पाडाचा धंदा हाये हा."

पार थोडा वेळ शांत झाला. नानांचं हे म्हणणं खोटं नाही. गरजवंत विकणाऱ्याला तपासणीच्या नावानं पिळणारे लोक मी पाहिले आहेत. केसभर रुंदीची प्लास्टरची चीर दाखवून घर पडायला आलं म्हणणारे दलालही आहेत.

तेव्हा बापू बोलले. त्यांचा पुतण्या टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. "त्यानं मांगच्या साली घर घेतलं. म्हने, काका, इथंबी आपल्यासारखीच कायी माती हाये, घरं अशीच तडकतेत. पन इथं घर ठरल्यावर घेनारा थोडे पैसे वेगये देते, अन् तेवढे दिवस घर तपासून घेते. नाई पटलं तं सौदा मोडते, ते थोडे पैसे मालकाचे."

पद्धत तशीच आहे तिथली. टेक्सासात ह्याला ऑप्शनचा काळ म्हणतात. घेणारा परवानाधारक निरीक्षक लावतो. तो भिंत फोडत नाही. जे दिसतं आणि जिथं पोचता येतं तेवढंच पाहून लेखी अहवाल देतो. विकणारासुद्धा घराचे माहीत असलेले दोष एका छापील नमुन्यात आधीच लिहून देतो.

"ते अमेरिकेत," नाना म्हणाले. "आपल्या इथं असा कायदा कुठी हाये?"

आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजीनं पाहूनही सापडणार नाही, असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं ही कायद्याच्या भाषेत फसवणूक. मात्र करारात वेगळं ठरलं नसेल तरच, आणि आमच्याकडच्या खरेदीखतात "जसे आहे तसे" हे शब्द सर्रास असतात. शिवाय डोळ्यांनी दिसण्याजोगा दोष तुम्ही पाहिलाच नाही, तर हे कलम तुमच्या मदतीला येणार नाही. गुरुजींनी हे दोनदा विचारून घेतलं.

वायरमननं मध्येच एवढंच सांगितलं: "तीन पिनचं बटन दिसलं म्हून अर्थिंग हाये असं समजू नोका. तिसऱ्या भोकाच्या मांगं वायरच नसते कितीक घराईत." मग तो चहा संपवून ड्युटीवर गेला.

शेवटी गुरुजीच म्हणाले, "नाना, उद्या सकायी जाऊ. तुमी सोबत या. तुमच्या समोरच काय ते पाहू."

सकाळी सातला आम्ही पाच जण. मिस्त्रीजवळ ओळंबा, पाण्याची नळी, टॉर्च, एक पेचकस आणि लाकडी दांडा. नानांचा साडू दारात उभा होता, चेहरा पडलेला. मिस्त्री आधी त्याच्या पाया पडला, मग आत शिरला. ते पाहून मला बरं वाटलं.

पुढची खोली ठणठणीत निघाली. नळी लावली, फरशीचा उतार बरोबर. दाराच्या चौकटी सागाच्या. पेचकस टोचला तर घुसला नाही, उधईच्या मातीच्या नळ्याही कुठं नव्हत्या. शोषखड्डा मात्र भर मे महिन्यात अर्धा भरलेला. काळ्या मातीतून पाणी खाली झिरपतं कमी, पावसाळ्यात तो तुंबणारच. मग न्हाणीसमोरच्या बोळात मिस्त्री थांबला आणि छताला दांडा लावून वाजवत गेला. टण, टण, टण, आणि एका जागी भद्द. तिथं रंगाखाली तांबूस रेघ होती, सरळ, सळईच्या रेषेत.

"बांधाले पानी कोनतं वापरलं, भाऊ?"

आमचा पट्टा खारपाणाचा. पूर्णेच्या ह्या खोऱ्यात बोरचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा पाण्यातलं मीठ काँक्रीटमध्ये गेलं की सळई गंजते, गंज सळईपेक्षा जास्त जागा धरतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. घर बांधताना पाण्याची बाटली भरून तपासायला देणारा माणूस मला आजवर भेटला नाही.

साडू खाली पाहत म्हणाला, "स्लॅब टँकरच्या पान्यानं टाकला. पन पानी मारलं ते बोरचंच. टँकर परवडत नोहता."

आणि मग, कुणी न विचारता, त्यानं मागच्या कोठीचं दार उघडलं. "हेबी पाहून घ्या." खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली होती, वरच्या बाजूला रुंद. लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला, तरी बोट फिरवलं की लागायची. मिस्त्री बाहेर गेला अन् लगेच हाक मारली. गच्चीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यावर, जोत्याला लागून सुटलेला. दर पावसाळ्यात अख्ख्या छताचं पाणी त्या एका कोपऱ्याच्या पायात. "पाइप दहा फूट लांब नेला असता तं इतकं झालं नसतं," तो म्हणाला.

भेग अजून चालू आहे की थांबली, हे मात्र एका दिवसात कळत नाही. त्यासाठी पावसाळा लागतो, आणि साडूला पैसे आता हवे. नाना पुन्हा तापणार असं वाटलं, पण तेच बापूंना म्हणाले, "तुमच्या पुतन्यावानी करू काय?"

तसंच केलं. गुरुजींनी वीस हजार दिले, थांबण्याचे, परत न मागण्याचे. पोळ्यापर्यंत घर दुसऱ्याला दाखवायचं नाही. साडूनं पाइप वळवायचा. बोळातल्या छताची दुरुस्ती किती, ते तालुक्याचा इंजिनिअर पाहून सांगेल, तेवढे भावातून वजा. भेगेपायी एक रुपयाही आज कमी करायचा नाही, हे नानांनी चिठ्ठीत स्वतः लिहून घेतलं. लग्नाला कमी पडले तर बापूंनी पोळ्यापर्यंत हातउसने देण्याचं कबूल केलं.

मिस्त्रीनं काचेची एक पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली आणि पेन्सिलीनं बाजूला तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकणार.

मृगाचा पहिला पाऊस येऊन आज नऊ दिवस झाले. गुरुजी रोज शाळेत जाताना सायकल तिकडून नेतात. काल सकाळपर्यंत काच शाबूत होती.