तुमच्या भाषेतच वाचा

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या गावची प्राथमिक शाळा एका संध्याकाळी पालकांना बोलावते. लेक पहिलीत गेली त्या वर्षी आम्ही दोघं तिथल्या इवल्याशा खुर्च्यांवर अवघडून बसलो होतो. वाचन शिकवणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, घरी कोणती भाषा बोलता? मी चाचरतच मराठी म्हणून सांगितलं. आता ‘घरी इंग्रजी वाढवा’ असं ऐकावं लागणार, असं धरूनच चालले होते. त्या म्हणाल्या, "मग रोज वीस मिनिटं मराठीत वाचून दाखवा. इंग्रजी वाचायला शिकवायचं माझ्याकडे लागलं."

हे सगळं आठवलं ते वहिनीच्या फोनमुळे. भाची सांगली जिल्ह्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीला आहे. तिथल्या पालकसभेत सांगितलं, घरी मुलीशी इंग्रजीतच बोलत जा. वहिनी मराठी शाळेत शिकलेली, दिवाळी अंकांचा फडशा पाडणारी बाई. तेव्हापासून ती लेकीशी ‘कम’, ‘ईट’, ‘सिट’ एवढंच बोलते. "ताई, रात्री तिला गोष्ट सांगायला घेतली की शब्दच सुचत नाहीत हो," असं म्हणाली आणि गप्प झाली. त्या गप्प होण्याने माझ्या पोटात कालवलं.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारा शासन निर्णय आला, महाराष्ट्र पेटून उठला, आणि 29 जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. विरोध योग्यच होता. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचं ओझं नको, हे माझंही मत आहे. त्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथल्या मंडळातही पेढे वाटले होते. पण शाळेने काय शिकवावं यावर आपण जेवढं भांडतो, त्याच्या चवलीभरसुद्धा बोलत नाही ते घरात मुलाला कोण वाचून दाखवतं यावर. आणि वहिनीसारखी आई वाचून दाखवायला तयार असताना तिची भाषाच काढून घेणाऱ्या शाळेला कुणी जाब विचारत नाही.

बाईंनी कारणही नीट समजावलं होतं. अक्षराला आवाज जोडता येणं हा वाचनाचा एक भाग. वाचलेल्या शब्दाचा अर्थ डोक्यात आधीच असणं हा दुसरा. हा अर्थांचा साठा घरच्या भाषेतच भरतो. ‘विहीर’, ‘रुसवा’, ‘पाझरणं’ हे ज्या पोराला ठाऊक आहे, त्याला उद्या इंग्रजीत फक्त नवा शब्द शिकायचा असतो, कल्पना नव्हे. दर शुक्रवारी बाई प्लॅस्टिकच्या चेनच्या पिशवीत एक पुस्तक घालून घरी पाठवत. आत एक कार्ड असे : कोणी वाचलं, कोणत्या भाषेत. आमच्या कार्डावर लेकीने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आई, मराठी’. चित्रं इंग्रजी पुस्तकातली आणि गोष्ट माझ्या तोंडची.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 2024 च्या राष्ट्रीय चाचणीत अमेरिकेतली चौथीची 40 टक्के मुलं वाचनाच्या प्राथमिक पातळीच्याही खाली राहिली. कित्येक शाळांनी वर्षानुवर्षं चित्र बघून शब्द ओळखायला शिकवलं, आता राज्यं पुन्हा अक्षर-आवाजाकडे वळताहेत. मिसिसिपीने त्यासाठी 2013 मध्येच कायदा केला. आपली बाराखडी हे काम किती सुरेख करते, याची आपल्यालाच किंमत नाही.

मात्र इथलं एक मला महाराष्ट्रात हवं आहे. शाळेने पालकाला परीक्षेच्या निकालासाठी नव्हे, तर पुस्तक हातात द्यायला बोलवावं. मी शिकले त्या शाळेतली पुस्तकं मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असायची, फाटतील म्हणून. आजही तसं कपाट कुठे असेल तर ते आधी उघडा. सरकारने 2017 मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं, चांगलं केलं, पण पोरांना पुस्तक आपल्या वाडीत हवं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या आईला वाचताच येत नाही तिचं काय? तिलाही बोलवा. तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील, आजीच्या गोष्टी येत असतील. त्या सांग म्हणावं. लेकरू वाचेल आणि ती ऐकेल, तेही वाचनच.

वहिनीला मी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाची लिंक पाठवली. तिथे मराठी गोष्टी फुकट आहेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने एक वाचायला घेतली. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग तिचा नेहमीचा आवाज लागला. भाची तिच्या दंडाला रेलून बसली होती. मध्येच सिग्नल गेला, तर इकडून माझी लेक ओरडली, "मामी, थांबू नकोस, पुढे काय झालं?"