पाचवीच्या वर्कशीट का दिल्या ते सांगतो

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. दहावीची फी भरली आणि मुलाला पाचवीच्या अपूर्णांकांच्या वर्कशीट देतात, पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावत बसवतात, वर मोबाईलवर व्हिडिओच्या लिंक पाठवतात, मग सर शिकवतात काय, असं तुम्ही लिहिलंय. राग येणं बरोबरच आहे, कारण हे सुरू करायच्या आधी मी तुम्हाला एक फोन करायला हवा होता आणि तो केला नाही. ती चूक माझी.

आता का दिलं ते, मुलाचं नाव न घेता. जूनमध्ये बीजगणिताचा पहिला धडा घेतला, दोन चलांतील रेषीय समीकरणं. त्याला पद्धत सगळी येत होती, निश्चयकाची मांडणीसुद्धा एकदम बरोबर, पण उत्तर दरवेळी चुकायचं आणि मलाही आठवडाभर कळेना कुठे चुकतंय, मग एक दिवस वहीच्या मागच्या पानावरचं कच्चं काम बघितलं तर १/३ अधिक १/४ चं त्याने २/७ केलेलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक करणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, चांगली हुशार मुलं असतात, लहान वर्गात एखादा भाग सुटलेला असतो आणि पुढे कोणी तो बघत नाही.

फळ्यावर लसावि मी त्याला तीनदा समजावला, हो सर म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून पट्ट्या काढल्या. १/३ ची पट्टी ठेवली, खाली २/७ ची ठेवली, तर २/७ ची आखूड भरली. बघतच राहिला, म्हणाला सर मी तर अजून १/४ मिळवलंय मग कमी कसं झालं? हा प्रश्न त्याने स्वतः विचारला ताई, मी विचारायला लावला नाही. मग १२ भागांच्या पट्टीवर ४ आणि ३ मोजले, ७/१२. त्यानंतर ती चूक त्याने माझ्यासमोर परत केलेली नाही.

वर्कशीट बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकावरूनच केल्यात, ते पुस्तक ई-बालभारतीच्या साईटवर फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. व्हिडिओचं म्हणाल तर तुमचं निम्मं मान्य. दहावीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात, स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य उघडतं, आणि जो मुलगा पंचवीस जणांत हात वर करत नाही तो घरी तोच भाग चारदा मागे घेऊन बघू शकतो, म्हणून पाठवतो. पण एका रात्रीत सहा लिंक टाकल्यावर कोण बघणार, ते चुकलंच. आता आठवड्याला एकच, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मी स्वतः विचारणार.

पोर्शन मागे नाहीये. बॅचबरोबर वर्गसमीकरणं चालूच आहेत, वर्कशीट बॅचच्या आधीच्या अर्ध्या तासात होतात. अपूर्णांक पुढे श्रेढीत येणार, संभाव्यतेत येणार, भूमितीत समरूपतेतही येणार, तो कच्चा ठेवून पुढे पळणं मला जमणार नाही.

तरी क्लास सोडायचा असेल तर राहिलेल्या महिन्यांची फी परत देतो. फक्त त्याआधी एकदा शनिवारी सहानंतर या, जूनची वही आणि आत्ताची वही दोन्ही आणा, आणि त्यालाही घेऊन या, पट्ट्या त्यालाच लावून दाखवू दे तुम्हाला.