खुलासा : मल्याळम सिनेमातला वास्तववाद ओटीटीने जन्माला घातलेला नाही

‘लॉकडाउनमध्ये ओटीटी आलं आणि मल्याळम सिनेमा वास्तववादी झाला’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

वास्तववादी ‘नीलक्कुयिल’ १९५४चा. विद्यार्थ्यांनी केलेला ‘न्यूजपेपर बॉय’ १९५५च्या मे महिन्यातला, म्हणजे सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ भारतात लागण्याच्याही आधीचा. १९६५मध्ये तिरुवनंतपुरमला चित्रलेखा ही वेगळे सिनेमे दाखवणारी फिल्म सोसायटी उभी राहिली आणि १९७२मध्ये दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांचा ‘स्वयंवरम’ आला. अलीकडचे ‘महेशिंते प्रतिकारम’ (२०१६) आणि ‘कुंबलंगी नाइट्स’ (२०१९) आधी थिएटरातच लागले.

ओटीटीने बदलला तो प्रेक्षक. स्वयंपाकघरात अडकलेल्या सुनेचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ १५ जानेवारी २०२१ला नीस्ट्रीम या छोट्या मल्याळी ओटीटीवर आला, प्राइम व्हिडिओवर नंतर. गळकं सिंक, खाली साचणारं घाण पाणी, जेवणानंतर टेबलावर पडलेला शेवग्याच्या शेंगांचा चोथा : हे समजायला मल्याळम यावी लागत नाही. म्हणून तो पुण्या-नागपुरातल्या घरांतही भिडला.

भाषेचं मात्र तसं नाही. ‘महेशिंते प्रतिकारम’मधली इडुक्कीची बोली वेगळी, ‘कुंबलंगी नाइट्स’मधली कोचीची वेगळी. हिंदी डबिंगमध्ये दोन्ही सपाट होतात, आणि या सिनेमांचा अर्धा जीव बोलीतच असतो. तेव्हा ऑडिओ ‘मल्याळम’ ठेवा, सबटायटल्स लावा. ॲप पुष्कळदा हिंदी ऑडिओ आपोआप लावतं, सुरुवातीलाच तपासा.

आणि थिएटर संपलं, हेही खोटं. ‘मंजुम्मेल बॉइज’ फेब्रुवारी २०२४मध्ये थिएटरात लागला, तमिळनाडूतही डब न करता तुफान चालला. ओटीटीवर आला तो मे महिन्यात.