मुंबईचं क्रिकेट संपलं म्हणणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०२५ मध्ये रणजीच्या सेमीफायनलला विदर्भाने नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि आमच्या दादरच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. मुंबईचं क्रिकेट संपलं, खडूसपणा, म्हणजे हार न मानता चिवटपणे खेळणं, गेला, आयपीएलने वाट लावली. अहो, आदल्याच वर्षी याच विदर्भाला वानखेडेवर १६९ धावांनी हरवून आपण बेचाळिसावी रणजी घेतली होती. त्या पाच दिवसांत यातले किती जण स्टँडमध्ये बसले होते, ते विचारत नाही.

जुने दिवस काढायचेच असतील तर नीट काढा. मुंबई १९३४-३५ ची पहिलीच रणजी जिंकली, पण तेव्हा शहर वेडं होतं ते धर्मांवर पाडलेल्या संघांच्या सामन्यांपायी. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा ‘रेस्ट’. त्यात १९४३ साली विजय हजारेंनी रेस्टच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. क्रिकेट म्हणून अफाटच. पण त्याच हिंदू संघाला वर्षानुवर्षं विकेट काढून देणाऱ्या पळवणकर बाळूंना जातीपायी कधी कर्णधार केलं नाही. धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते पद मिळायला १९२३ उजाडलं. म्हणून ‘आमच्या वेळी’ ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाच्या वेळी?

मग मुंबईने सलग रणजी जिंकलेली ती पंधरा वर्षं, १९५८-५९ ते १९७२-७३. त्यातली शेवटची फायनल चेन्नईच्या चेपॉकवर झाली. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, चेंडू हातभर वळत होता. मुंबई १५१ वर आटोपली. मग आपल्या डावखुऱ्या स्पिनर पॅडी शिवलकरांनी चेंडू हातात घेतला. १६ धावांत ८ बळी, तमिळनाडू ८०. दुसऱ्या डावात १८ धावांत ५, तमिळनाडू ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर मॅच खलास.

हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. भारतीय संघात त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते, मान्य. पण मला त्याहून मोठा प्रश्न पडतो: दार बंद आहे हे कळल्यावरही वर्षानुवर्षं शिवाजी पार्कवर घाम गाळणं त्या पिढीला परवडलं कसं? शिवलकर तर १९८७-८८ मध्ये, सत्तेचाळिशीत, पुन्हा रणजी खेळले!

माझ्या मते उत्तर आहे ऑफिस क्रिकेट. निरलॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, स्टेट बँक यांच्या टीम. मस्टरवर सही करायची, दुपारी नेटला सुटायचं, महिन्याला पगार. टाइम्स शील्ड या ऑफिस-टीमच्या स्पर्धेत समोर गावसकर. रणजी टीममधून डच्चू मिळाला तरी घरची चूल पेटत होती, म्हणून पोरगा तिशीतही मैदान सोडत नव्हता. नवा मुलगा टीममध्ये यायचा तो असल्या मुरलेल्या लोकांना ओलांडून. पंधरा विजेतेपदांमागे ही गर्दी होती.

भरीला १९४८ पासूनची कांगा लीग, मुंबईच्या क्लबांची, भर पावसाळ्यातली. आझाद मैदानावर कांगाची मॅच पाहिली नसेल तर एकदा बघाच. गवत घोट्याच्या वर, आणि तुमच्या डीप पॉइंटच्या पाठीशी उभा असतो दुसऱ्याच मॅचचा मिडविकेट. विकेट ओली. एक चेंडू टप्पा पडून थांबतो, पुढचा कानाशी उसळतो. इथे तीस धावा काढणाऱ्याला तंत्र शिकवावं लागत नाही.

खडूसपणा संपला म्हणणाऱ्यांनी २०२३-२४ ची सेमीफायनल आठवावी. तीही तमिळनाडूविरुद्धच, पण वांद्रे-कुर्ला संकुलात, बीकेसीत. शतक ठोकून मुंबईला वर काढलं ते शार्दूल ठाकूरने. हा मुलगा किटबॅग घेऊन पालघरहून लोकलने यायचा. (गर्दीच्या वेळी ज्याने साधी बॅकपॅक घेऊन विरार पकडली आहे, त्याला किटबॅग म्हणजे काय ते कळेल.) रोहित शर्मा बोरिवलीत वाढला, पृथ्वी शॉ विरारचा. क्रिकेट दादर-माटुंग्यातून उत्तरेला सरकलं, कारण मराठी माणूसही तिकडेच सरकला. आपल्या गल्लीत दिसत नाही म्हणजे मेलं, असं नसतं.

आणि बाकीचे संघ शिकले ते कोणाकडून? विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये रणजी घेतली तेव्हा कोच होते चंद्रकांत पंडित आणि बॅटिंगला वसीम जाफर, दोघेही मुंबईच्याच मुशीतले. २०२२ च्या फायनलला मध्य प्रदेशने आपल्याला हरवलं, तेव्हाही समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये पंडितच. हरल्याचं वाईट वाटलंच, पण आपल्याच शाळेच्या मास्तरकडून हरलो.

रडायचंच असेल तर त्या नोकऱ्यांसाठी रडा. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी टीम गुंडाळल्या, बँकांची खेळाडूंची भरती आटली. आज चोविशीतल्या डावखुऱ्या स्पिनरला आयपीएलचं बोलावणं आलं नाही, की घरचे म्हणतात, आता बस झालं, काहीतरी काम बघ. त्यांचं चुकतं असंही नाही. तेव्हा ग्रुपवरच्या ज्या काकांचे बँकेत, विम्यात, कॉर्पोरेट ऑफिसात अजून चार शब्द ऐकले जातात, त्यांनी ते शब्द तिकडे खर्च करावेत. दोन पोरांना खेळाडू कोट्यातून चिकटवलंत, तर पुढच्या हंगामात तुमची सगळी रडगाणी निमूट ऐकून घेईन.