छोटी गाडी, शंभरचा वेग आणि ॲव्हरेजचा दावा: एक प्रतिवाद

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये छोट्या गाड्यांच्या ॲव्हरेजविषयी एक लांबलचक संदेश फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: हवेचा अडथळा हा मोठ्या एसयूव्हींचा प्रश्न आहे, छोट्या हॅचबॅकला तो जाणवत नाही, म्हणून छोटी गाडी पाचव्या गिअरमध्ये १०० ते ११० च्या वेगाने चालवावी, कारण त्या वेगाला इंजिन ‘मोकळे’ होते आणि सर्वांत कमी पेट्रोल पिते. पुरावा म्हणून पुणे ते मुंबई या एका फेरीचे ॲव्हरेज शहरातल्या ॲव्हरेजशेजारी मांडलेले असते. पुढे काही फुटकळ सल्ले येतात: घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, हायवेवर एसी फुकट पडतो, ट्रकच्या मागे राहिले की वारा कापला जातो, आणि कंपनीने दिलेला आकडा बंद खोलीत काढलेला असल्यामुळे त्यात हवेचा विचारच नसतो. यांपैकी दोन-तीन गोष्टींत तथ्याचा अंश आहे, आणि तेवढ्या अंशावरच सगळा संदेश खरा वाटतो. मात्र ज्या पायावर तो उभा आहे, तो पहिला मुद्दाच उलटा आहे.

हवेचा अडथळा गाडीच्या लांबीवर किंवा किमतीवर अवलंबून नसतो. समोरून पाहिल्यावर गाडी किती जागा अडवते, तिचा आकार हवेला किती सहज वाट देतो, हवा किती दाट आहे आणि वेग किती आहे, या चार गोष्टींवर तो ठरतो. छोटी गाडी प्रामुख्याने लांबीला छोटी असते. आत बसणारी माणसे त्याच उंचीची असल्यामुळे छप्पर फारसे खाली आणता येत नाही, उलट लांबीत गेलेली जागा उंचीत भरून काढावी लागते. वॅगनआरची रुंदी १६२० मिलिमीटर आणि उंची १६७५ मिलिमीटर आहे. पाचव्या पिढीच्या होंडा सिटीची रुंदी १७४८ आणि उंची १४८९ मिलिमीटर. दोन्हींचे गुणाकार करून पाहिले तर समोरून दिसणारी चौकट वॅगनआरची मोठी निघते. सिटी जवळजवळ ९० सेंटिमीटरने लांब आहे आणि बरीच जड आहे, पण वाऱ्यासमोर उभी राहणारी भिंत ‘छोट्या’ गाडीची मोठी आहे.

आखूडपणाचा आणखी एक तोटा असतो. छपरावरून आलेली हवा गाडीला चिकटून हळूहळू खाली उतरली तर मागे पोकळी कमी राहते. सेडानच्या उतरत्या पाठीला आणि डिकीला त्यासाठी थोडी लांबी मिळते, हॅचबॅकची पाठ मात्र एकदम तुटते. त्यामुळे मागे कमी दाबाची, भोवरे असलेली जागा तयार होते आणि ती गाडीला सतत मागे ओढत राहते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तासभर गाडी चालवून थांबल्यावर हॅचबॅकची मागची काच पाहावी. ती चिखलाच्या बारीक थराने भरलेली असते, कारण चाकांनी उडवलेले पाणी हेच भोवरे वर उचलून काचेवर आपटतात. हॅचबॅकला मागे वायपर लागतो आणि बहुतेक सेडानना लागत नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

आता वजनाचा हिशेब. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो, हवेच्या विरोधाचा वजनाशी संबंध नसतो. दोन माणसांसह १००० किलो भरणारी साधारण हॅचबॅक आणि चांगला डांबरी सपाट रस्ता धरला तर टायरांचा विरोध सुमारे १२० न्यूटन येतो आणि वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध ताशी ६० किलोमीटरला सुमारे ११०, ८० ला २००, १०० ला ३१० आणि १२० ला ४५० न्यूटन होतो. आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक ते थोडे इकडेतिकडे होतील; पण साठीच्या आसपास हवा टायरांना गाठते आणि पुढे झपाट्याने मागे टाकते, हे चित्र बदलत नाही. ८० च्या वेगाला या हॅचबॅकच्या एकूण विरोधात हवेचा वाटा साठ टक्क्यांच्या पुढे जातो. हीच बेरीज साडेबाराशे किलोच्या सेडानसाठी केली तर तो निम्म्याहून थोडाच जास्त येतो. म्हणजे गाडी जितकी हलकी, तितका तिच्या पेट्रोलच्या खर्चात वाऱ्याचा हिस्सा मोठा. संदेश नेमके याच्या विरुद्ध सांगतो.

दुसरा मुद्दा शंभरच्या वेगाचा. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी राहतात आणि त्यामुळे इंधन वाचते, हे बरोबरच आहे. पण पाचव्या गिअरमधला ७० चा वेग आणि त्याच गिअरमधला ११० चा वेग यांत गिअर एकच असतो, काम एक नसते. वरच्या गणितातल्या गाडीला सपाट रस्त्यावर स्थिर वेग राखण्यासाठी ८० ला साडेनऊ, १०० ला सोळा आणि १२० ला पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास चाकांपाशी पुरवावी लागते. वेग दीडपट झाला, शक्ती अडीचपटीच्या पुढे गेली. वेग वाढल्याने प्रवासाचा वेळ कमी होतो, हे वजा केले तरी प्रत्येक किलोमीटरमागचे काम ८० वरून १०० वर जाताना सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढते आणि १०० वरून १२० वर जाताना पुन्हा जवळपास तितकेच वाढते. इंजिनावर भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे पेट्रोल त्याच प्रमाणात वाढत नाही, काहीसे कमी वाढते. पण ते वाढतेच. ज्याला ‘मोकळे झालेले इंजिन’ म्हटले जाते, तो आवाजाचा आणि पिकअपचा अनुभव आहे.

मग हायवेवर शहरापेक्षा चांगले ॲव्हरेज का मिळते? कारण शहरात पेट्रोल वाऱ्यावर जात नाही, ते ब्रेकवर आणि उभे राहण्यावर जाते. १००० किलोची गाडी ५० च्या वेगाला आणली की तिच्यात सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा साठते, आणि सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते. किलोमीटरभरात असे तीनदा झाले तर त्यात गेलेली ऊर्जा १०० च्या वेगाने एक किलोमीटर हवा कापण्याइतकी भरते. त्यात उभ्या गाडीचा खर्च मिळवावा: छोटे पेट्रोल इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते. पुण्यात विद्यापीठ चौकात किंवा सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी दहा मिनिटे अडकलेल्या गाडीचे शंभर मिलीलिटर पेट्रोल एकही मीटर न चालता जाते. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतही नाही, आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावे लागते. तेव्हा शहर आणि हायवे यांच्या तुलनेतून एवढेच सिद्ध होते की न थांबता जाणे स्वस्त पडते. १०० चा वेग ८० पेक्षा स्वस्त आहे की नाही, हे तपासायचे असेल तर त्याच रस्त्यावर १०० आणि ८० अशीच तुलना करावी लागेल, आणि ती संदेशात कुठेच नाही.

शिवाय निवडलेली फेरी पुणे ते मुंबई अशी आहे, मुंबई ते पुणे नव्हे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि खंडाळ्याची घाटाची कड त्याहूनही थोडी उंच. १००० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला जवळपास ५९ लाख ज्यूल लागतात. पेट्रोल इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरली तर हे साधारण सहाशे ते सातशे मिलीलिटर पेट्रोल झाले. द्रुतगती मार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर आहे आणि तेवढ्या अंतराला छोटी गाडी एकूण पाच लिटरच्या आसपास पिते, हे लक्षात घेतले तर चढणीचा हा भाग किती मोठा आहे ते कळते. मुंबईकडे उतरताना यातला बराच भाग वसूल होतो आणि त्याचे श्रेय वेगाला दिले जाते.

वाऱ्याच्या दिशेचाही विचार करावा लागतो. हवेच्या दृष्टीने मोजला जातो तो जमिनीवरचा वेग नव्हे, हवेच्या तुलनेतला वेग. गाडी ८० ने जात असेल आणि समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर अडथळा १०० च्या वेगाइतका, म्हणजे दीडपटीहून जास्त होतो. परतताना तोच वारा पाठीमागून मिळतो, पण हिशेब बरोबरीत सुटत नाही: १०० आणि ६० यांच्या वर्गांची सरासरी ८० च्या वर्गापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी जास्त येते. जून ते ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या पश्चिमी वाऱ्यावर फिरतात, तो पुणे–कोल्हापूर महामार्गाला बराचसा आडवा असतो. आडवा वारा गाडीला कोनात भिडतो आणि तोही अडथळा वाढवतो, त्यामुळे त्या रस्त्यावर पावसाळ्यात जाताना आणि येताना दोन्ही वेळा ॲव्हरेज पडले तर गाडीत बिघाड शोधत बसण्याचे कारण नाही. छपरावरच्या कॅरिअरवर ट्रंका आणि गाद्या बांधून गावी निघालेल्या गाडीची स्थिती याहून वाईट. अमेरिकेच्या सरकारी इंधन-माहितीनुसार छपरावरच्या मोठ्या, बोथट पेटीमुळे महामार्गाच्या वेगाला ॲव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी आणि आंतरराज्य मार्गांच्या त्याहून जास्त वेगाला १० ते २५ टक्क्यांनी घटते. रिकामा कॅरिअरही काही प्रमाणात त्रास देतोच, आणि आपल्याकडे तो वर्षभर तसाच राहतो.

कंपनीच्या आकड्याविषयीचा आक्षेप अर्धवट आहे. आपल्याकडे छोट्या गाड्यांचे जाहीर होणारे ॲव्हरेज पुण्याच्या ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या चाचणीतून येते; ज्या टेकडीवर निम्मे कोथरूड सकाळी फिरायला जाते, तिला पुणेकर याच संस्थेच्या नावाने ओळखतात. चाचणी खोलीतच, रोलरवर होते, हे खरे. पण रोलर मोकळे फिरत नाहीत. आधी गाडी मोकळ्या धावपट्टीवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडली जाते आणि तिचा वेग कसकसा उतरतो ते मोजले जाते. त्यातून हवेचा आणि टायरांचा मिळून जो विरोध निघतो, तेवढाच भार रोलरवर लावला जातो. म्हणजे हवा हिशेबात असते. आकडा फुगण्याची कारणे वेगळी आहेत. या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी वेग तिशीच्या थोडाच वर असतो आणि आजवर जाहीर होत आलेले आकडे एसी बंद ठेवून काढलेले आहेत. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. त्या वेगाला तीच गाडी चाचणीतल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, याचे आश्चर्य वाटू नये.

एसीचे गणित वेगाप्रमाणे बदलते, पण ते फुकट कधीच होत नाही. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती घेतो. सपाट रस्त्यावर सलग २० च्या वेगाला गाडी ओढायला एकच अश्वशक्ती पुरते, त्यामुळे गर्दीत एसीचा खर्च गाडी हलवण्याच्या खर्चापेक्षा जास्त होऊ शकतो. १०० च्या वेगाला तोच खर्च सोळा अश्वशक्तीत मिसळून जातो, प्रमाण घटते, एवढेच. काचा उघडल्याने हवेचा अडथळा वाढतो हे खरे आहे; मात्र अमुक वेगाच्या पुढे काचा महाग आणि एसी स्वस्त, असा सगळ्या गाड्यांना लागू पडणारा एकच आकडा नाही. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर हा प्रश्न कोणी विचारणारही नाही.

न्यूट्रलचा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे संगणक मोजून पेट्रोल सोडतो तिथे, गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच असते. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, एवढी सवलत त्या सल्ल्याला देता येईल. पण बोरघाटासारख्या उतारावर, जिथे वेग आवरण्यासाठी ब्रेक लावावाच लागतो, तिथे गिअरमध्ये उतरणेच स्वस्त पडते आणि ब्रेकही तापत नाहीत.

ट्रकच्या मागे हवेचा अडथळा खरोखरच कमी होतो, परंतु ठळक फायदा होण्यासाठी जितके जवळ जावे लागते, तितक्या अंतरात थांबता येत नाही. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंदांचे किमान अंतर ठेवले तर ते ४४ मीटर होते, आणि एवढ्या अंतरावर फायदा फारच थोडा उरतो.

वेगाचा परिणाम स्वतः तपासायचा असेल तर सपाट रस्ता निवडावा, त्याच पंपावर टाकी फुल करावी, एसी आणि माणसे तीच ठेवावीत आणि प्रत्येक वेगासाठी जाऊन-येऊन मोजावे. सरासरी काढताना मात्र दोन ॲव्हरेजची बेरीज करून निम्मे करू नये. एकूण किलोमीटरांना एकूण लिटरांनी भागावे. जाताना २४ आणि तेवढ्याच अंतरावरून येताना १६ मिळाले असतील तर त्या फेरीचे ॲव्हरेज २० नसून १९.२ असते.