गोणपाटापलीकडचे शेजारी

रात्री साडेअकराला आमच्या बेडरूममधून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "ओवा खा, गरम पाण्याबरोबर! सोडा नको!"

मी आणि बायको हॉलमध्ये होतो. खोलीत त्या एकट्याच. क्षणभर काळजी वाटली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकांचा ओशाळलेला आवाज आला, "बरं, आजी."

हे असं वर्षभर चाललंय. डोंबिवलीत फ्लॅट घेताना भिंतींच्या जाडीचं कौतुक ऐकून मी सही केली होती. सासूबाईंच्या कानांपुढे ती जाडी गोणपाटाएवढीच. आणि गोणपाट हा शब्द मी उगाच वापरत नाही. त्यांच्या माहेरची पहिली भिंत गोणपाटाचीच होती.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरवलं, त्यांत आईच्या कडेवरच्या सासूबाईही होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बॅरेकी. शिपाई किती, खाटा किती, असा हिशेब करून बांधलेल्या. त्यात आता चुली, पाळणे, आज्या आणि सासू-सुनांची भांडणं मावायची होती. मध्ये पडदे लावले, गोणपाटाचे, चादरीचे, जे मिळेल त्याचे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं 'उल्हासनगर' झालं. नाव नदीचं आणि मारामारी नळावर! सासूबाई अजून 'कॅम्प'च म्हणतात. तिकडचा पत्ता विचारा, आजही त्यात कॅम्पचा आणि बॅरेकचा नंबर येतो.

पुढे विटांच्या भिंती आल्या. पण त्यांच्या बॅरेकीत त्या छपरापर्यंत पोचल्याच नाहीत. वरची फट तशीच. एका घरात कांदा तळला की चार घरांना भूक लागायची. कुणाची आजी गोष्ट सांगायला लागली की पलीकडून पोरं ओरडायची, "दादी, जरा मोठ्याने!" मुलगी बघायला पाहुणे आले की अख्खी बॅरेक खोकायची थांबायची. आणि नवराबायकोचं भांडण? ते घरात करायची सोय नव्हती. संडासच्या रांगेत उरकायचं.

या रांगेबद्दल सासूबाई हळव्या होऊन बोलतात. पहाटे स्वतः उभं राहायची गरज नसे, डालड्याचा डबा ठेवला की नंबर लागला. प्रत्येक डब्याचा पोचा वेगळा, त्यामुळे कुणाचा कोणता ते सगळ्यांना पाठ. त्यांच्या घरच्या डब्याला कानाजवळ खोल पोचा होता. चुलीवरचं सोडून आई घाईने गेली आणि डबा दगडावर आपटला, असा त्याचा इतिहास. माझ्या आजोबांचं नाव सांगताना मी अडखळतो. त्या डब्याची कुंडली मला तोंडपाठ आहे.

तर हा सगळा संस्कार आता आमच्या साडेसहाशे फुटांत राहायला आलाय. इमारतीला चोवीस तास पाणी आहे. तरी पहाटे चारला बादल्या वाजतात. सहाच्या सुमारास बाथरूमच्या दाराशी त्यांचा निळा मग येऊन बसतो आणि सासूबाई निवांत पापड लाटायला जातात. मला आठ-तीनची लोकल गाठायची असते. पण नंबर म्हणजे नंबर. माणसाशी हुज्जत घालता येते, निळ्या मगाशी कशी घालणार?

एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी वाचलेलं सांगितलं. म्हटलं, मम्मी, तुम्हीच एकट्या नाही. 1946 मध्ये खुद्द इंग्लंडात घरांची एवढी टंचाई होती, की बायकापोरांना घेऊन लोक रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसले. स्कन्थॉर्प नावाच्या गावात सुरुवात झाली. ऑक्टोबरपर्यंत हजाराहून जास्त छावण्या आणि चाळीसेक हजार माणसं. अर्ध्या पिंपासारख्या पत्र्याच्या झोपड्यांतसुद्धा संसार थाटले. साहेबाच्या देशात!

सासूबाईंनी पापड पालथा केला. "नळ किती होते?"

मी गप्प.

"मग काय वाचलंस, पुट?"

शेवटी बायकोने मार्ग काढला. शेजाऱ्यांची भिंत नकोच, म्हणून आईला रस्त्याकडची खोली दिली. तीन बाजूंना हवा, पलीकडे कुणी नाही. पहिल्याच रात्री दीडला त्या उशी घेऊन हॉलमध्ये आल्या. "तिकडे कुणी राहतच नाही का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनी खोली, जुनी भिंत. संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीभर खीर घेऊन आल्या आणि काल आजी आजारी होत्या का, असं विचारून गेल्या.

मी मात्र यातला नाही. मी सुशिक्षित, परक्याच्या घरात कान न घालणारा माणूस. परवा सासूबाई आठवडाभर कॅम्पात भाचीकडे गेल्या, म्हणून मी हक्काने त्यांच्या खोलीत पुस्तक घेऊन पडलो. घर शांत. पलीकडे कुकर लागलेला. एक शिट्टी झाली, दोन झाल्या, तीन, चार...

"काकू, गॅस बंद करा, डाळीचा लगदा होईल!"

आवाज माझाच होता.