केवढी ती भक्ती!

गेल्या महिन्यात रेल्वे लाइन्सकडे एका घरी कॉटेज प्रार्थनेला, म्हणजे चर्चच्या लोकांनी घरी जमून करायच्या प्रार्थनेला, गेले होते. आजी आजारी, खोली दहा बाय बाराची, माणसं वीस-पंचवीस आणि पंखा एकच. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली, मी उभ्याउभ्या डोळे मिटले आणि झोपले. खरंच झोपले. सगळे 'आमेन' म्हणाले, चहाचे कप फिरू लागले, तरी माझी मान खालीच. शेजारच्या ताईंनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. खाटेवरून आजी कौतुकानं म्हणाल्या, "केवढी ती भक्ती गं बाई!"

मी गप्प बसले. खरं सांगायचं धाडस झालं नाही. आज इथे सांगते आहे.

त्या दिवशी पहाटे साडेतीनला नळ आला होता. आपल्या सोलापुरात पाण्याचा दिवस कसा जातो हे तुम्हाला काय सांगायचं! टाकी, पिंपं, कळश्या, दारातली बादलीसुद्धा भरून घ्यायची. मग शाळा. मधल्या सुट्टीत महिला मंडळाच्या वर्गणीचा हिशेब. संध्याकाळी शिकवणीची दोन पोरं, त्यानंतर कॉयरची प्रॅक्टिस आणि तिथून थेट प्रार्थना. घरी आले तर सासूबाईंनी कालची कडक भाकरी आमटीत कुस्करून खाल्लेली, माझं ताट झाकून ठेवलेलं. "बस की जरा," म्हणाल्या. "उगं किती पळतीस? प्रभूला काय तू एकटीच दिसतीस काय?"

राग आला. एवढं सगळं सेवेसाठी करतेय आणि घरात ही किंमत! पण रात्री कॅलेंडरसमोर उभी राहिले तर महिन्यात एकही चौकोन मोकळा नव्हता. लाल पेनानं चर्च, निळ्यानं शाळा. घरासाठी पेनच नव्हतं.

आपल्या मंडळीत थकव्याला मान आहे. कोण किती दमलं यावरून कोणाचा विश्वास किती ते ठरतं. 'नाही' म्हणणारी बाई म्हणजे थंड पडलेली. आणि आपण 'हो' म्हणतो ते दर वेळी प्रभूसाठी म्हणतो असंही नाही. निदान मी तरी नाही. माझ्या निम्म्या 'हो'मागे 'लोक काय म्हणतील' होतं आणि उरलेल्या निम्म्यात 'माझ्यासारखं कुणाला जमणार' हा ताठा होता.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय मी संडे स्कूलमध्ये कितीतरी वेळा शिकवला असेल. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला. सासरा यिथ्रो भेटायला आलेला. तो हे सगळं बघतो आणि जावयाला शाबासकी देत नाही. हे तू करतोस ते बरं नाही, म्हणतो. पोरांना मी नेहमी सांगायचे, मोशे दमला होता म्हणून. परवा नीट वाचलं तर यिथ्रो म्हणतो, तू खचशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही खचतील. म्हणजे एकट्या माणसानं सगळं अंगावर घेतलं की दिवसभर रांगेत ताटकळतात ते बाकीचे. मी नऊ वर्षं महिला मंडळाची सेक्रेटरी. या नऊ वर्षांत किती जणी रांगेत उभ्या राहून राहून घरी गेल्या असतील? (आणि हे सांगायला दोन्हीकडे सासरचंच माणूस लागलं, हेही खरं.)

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. निर्गममध्ये शब्बाथाचं, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण असं की देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे: तू मिसर देशात गुलाम होतास, याची आठवण ठेव. गुलामाला सुट्टी नसते. माझे सासरे इथल्या गिरणीत होते, त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सहा दिवस भोंगा, रविवारी उपासना आणि दुपारी ताणून झोप. रविवारची ही सुट्टी आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक माणसानं मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं झगडून १० जून १८९० ला ती मिळवली. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्यानं मिळवलेल्या रविवारी आम्ही ख्रिस्ती माणसं काय करतो? उपासना, लगेच कमिटी, मग संडे स्कूलची मीटिंग, दुपारी कुणाच्या तरी घराचं समर्पण, संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस. सोमवारी शाळेत गेल्यावर कुठे जरा टेकायला मिळतं!

तर मी सेक्रेटरीपद सोडलं. कॉयरही सोडला. तिथे माझ्या आवाजावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, ते सोपं गेलं. संडे स्कूल ठेवलंय, कारण पोरांसमोर उभी राहिले की मला झोप येत नाही. माझी कसोटी एवढीच आहे, फार अध्यात्म नाही त्यात.

बोलणी खावी लागलीच. एकीनं विचारलं, "घरी काही प्रॉब्लेम आहे का?" दुसरी म्हणाली, "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं." सूर कळला. पण खरा चटका वेगळाच बसला. नवी सेक्रेटरी जेमतेम तिशीची आहे. मी मीटिंगला दीड तास घ्यायचे, ती चाळीस मिनिटांत उरकते आणि वृत्तांत त्याच रात्री व्हॉट्सॲपवर टाकते. कधी न येणाऱ्या तीन बायका आता येतात. मला आनंद व्हायला हवा होता. दोन दिवस झाला नाही.

आता गुरुवारी संध्याकाळी सासूबाई आणि मी चटणीसाठी शेंगा फोडत बसतो. मी भाजलेल्या दाण्यांची सालं पाखडते, त्या खवट दाणा हुडकून बाजूला टाकतात. फारसं बोलणं होत नाही. परवा असंच बसलो असताना नाताळच्या कार्यक्रमासाठी फोन आला, 'नाटिका यंदाही तुम्हीच बसवायची.' तोंडावर 'हो' आलंच होतं. सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"यंदा नाही जमणार," मी म्हटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं. मग कुणाला विचारू?"

मी दोन नावं सांगितली.